शाळेचं गाऱ्हाणं

अनुपमाबाईंनी माइक कुशाबांच्या हातात दिला आणि हळूच बजावलं, "आजोबा, फक्त आभार मानायचे हं. गाऱ्हाणं मांडायचं नाही."

"मांडत नाय बाई," कुशाबा म्हणाले. "घालतो."

बाई महाड शहरात वाढलेल्या. त्यांना दोन्हींतला फरक कळायच्या आत कुशाबा पुढे झाले होते.

कुशाबा शाळा समितीचे अध्यक्ष. शिमग्यात पालखीपुढे नारळ ठेवून गावाचं गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांच्याच घराण्याचा. आज शाळेच्या पडवीत सारी वाडी जमली होती. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने शाळेला मोठा टीव्ही दिला होता आणि तो चालू करायला शिक्षण खात्याचे साहेब पोलादपूरचा घाट रस्ता सोडून, लाल मातीच्या वाटेने इथवर वर आले होते. भाषणात साहेब म्हणाले, "आता पुण्या-मुंबईचे शिक्षक तुम्हाला या पडद्यावर शिकवतील."

"ती टीवी पोरांचं नाक पुसंल का रं परवीन?" मागून साळूबाईंनी विचारलं.

प्रवीण मंडळातर्फे टीव्ही घेऊन मुंबईहून आला होता. "काकी, गप ना. साहेब ऐकतायत."

"आयकू दे. टीवी आली आनि बाई चालली."

ते खरं होतं. सोमवारपासून अनुपमाबाईंना दुसऱ्या शाळेत कामगिरीवर जायचा आदेश आला होता. इथे शिक्षक म्हणून त्या एकट्याच. त्या गेल्या की दाराला कुलूप.

सत्काराची शाल कुशाबांनी साहेबांच्या खांद्यावर घातली. नारळ मात्र हातात दिला नाही. तो साहेबांच्या बुटांपुढे जमिनीवर ठेवला, शेंडी त्यांच्याकडे करून. मग माइक बाजूला ठेवला. त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडीने सवयीने साथ दिली. पोरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

साहेबांना वाटलं, लोककलेचा कार्यक्रम आहे. त्यांनी कौतुकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"आज तुज्या पायाशी ही वाडी हुबी हाय."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या शाळंला टीवी दिलीस, तुजं उपकार हायत."

"व्हय म्हाराजा!"

"आनि सोमवारपासनं बाई नेतोस."

पोरं वळून बाईंकडे बघू लागली. मग एकट्या साळूबाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." पाठोपाठ बाकीचे.

"खालच्या गावच्या शाळंत जायाचं तं मदी दोन वहाळ. पावसात दोनी भरून वातात. पयलीतली पोरं जानार नायत. घरी बसतील, बकऱ्या राखतील, आनि मग मोटी झाली का आमच्यावानी आंगठा उठवतील."

"व्हय म्हाराजा!"

"तं जी काय नड आसंल, कागदाची आसंल, वरच्या सायबाची आसंल, ती दूर कर. आमची बाई हितंच ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी मोबाइल खाली घेतला. "बाई, हे तुम्ही बसवलंय का?"

"नाही सर." अनुपमाबाईंचा चेहरा उतरला होता. "आजोबा, बास आता. माझ्यावर येईल."

"ती कशाला बसवंल?" साळूबाई म्हणाल्या. "शिमग्याला तिला रजा आसते. तिला काय ठावं?"

"हे बघा," साहेब उभे राहिले, "माझ्या हातात काही नाही. आदेश वरून आलाय."

वाडी उठली नाही. कोणी वाट अडवली नव्हती, पण वाट सगळ्यांच्या मधूनच होती.

"सायेब," कुशाबा शांतपणे म्हणाले, "गाऱ्हानं घातल्यावर कौल मिळंतवर कोन उठत नाय. देवबी नाय."

साहेबांनी प्रवीणकडे पाहिलं.

"खरंय सर," तो ओशाळून म्हणाला. "एका वर्षी पालखी सकाळपर्यंत खांद्यावर धरून ठेवली होती. देव काही बोलेना म्हणून."

"मग?"

"बोलला."

साहेबांनी मोबाइल पाहिला. "इथे रेंज नाही."

"देवळाच्या मागं येते, कातळावर," तिसरीतली तेजश्री म्हणाली.

साहेब निघाले. वाडी उठली आणि मागोमाग निघाली. कुशाबांनी नारळ उचलून बरोबर घेतला. देवळामागचा काळा कातळ उन्हाने तापला होता. साहेब एका टोकाला उभे राहिले, तसा कुशाबांनी नारळ पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. वाडी खाली बसली. बायकांनी पदर डोक्यावर ओढले.

"हॅलो, सर. वरच्या वाडीच्या शाळेतून बोलतोय. त्या बाईंच्या कामगिरीचं... हो, आदेश पाहिलाय. नाही सर, बाईंची तक्रार नाही. लोक म्हणतायत..."

अनुपमाबाई अजून उभ्याच होत्या, कातळाच्या कडेला. साहेबांनी बोलता बोलता त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली घेतली नाही. साडी सावरली, पहिलीच्या पोरांमध्ये जागा केली आणि मांडी घालून बसल्या.

फोनवर पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. साहेब ऐकत होते.

"कळलं सर," ते शेवटी म्हणाले. "पण हे उठत नाहीयेत."

त्यांनी पायाखालच्या कातळाकडे पाहिलं. मग खांद्यावरची सत्काराची शाल काढली, घडी करून खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"तुम्ही वर विचारून घ्या सर," साहेब म्हणाले. "मी लाइनवर थांबतो."