सगळं तूच

"माझा हात लागला की बाद," वजन उचलायच्या बेंचच्या डोक्याशी उभे राहत कोच बॅस्किन म्हणाले. "मग कटकट चालणार नाही. कळलं?"

"हो सर." उताणा पडलेल्या वेस्लीनं बार पकडला.

पावणेतीनशे पौंड. छातीला टेकवून वर नेले की यंदाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पहिल्या अकरात बचावाची मधली जागा त्याची. शाळेचं शेवटचं वर्ष, पुढे संधी नाही. नाही नेले तर जागा एफ्रेनची. एफ्रेन वर्षानं लहान. आपलं वजन मघाशीच उचलून तो आता पालथ्या बादलीवर बसून केळं खात होता. खाताना वेस्लीकडे बघत नव्हता, एवढी लाज त्याला होती.

चाचणीच्या सकाळी बापांना पत्र्याच्या शेडमध्ये घेतात, पण मागच्या भिंतीला लागून उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. वेस्लीचा बाप मर्ल तिथं कागदी कपातली कॉफी घेऊन उभा होता. बाहेर त्याचा पिकअप ट्रक होता, मागच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं पोराच्या जर्सीचा चोपन्न नंबर काढलेला. एरवी पोराची जागा पक्की झाल्यावर बाप नंबर काढतात. मर्लनं कालच काढला. बायको म्हणाली, "जरा दम धरा की." तर म्हणाला, "अगं, गॅरेजात रोज उचलतोय पोरगा एवढं वजन. मी स्वतः डोक्याशी उभा असतो."

उभा असायचा हे खरंच होतं. बार अर्ध्यावर अडला की मर्ल शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकेल इतक्या मोठ्यानं ओरडायचा, "सगळं तूच, पोरा! सगळं तूच!" बार पडला तर धरायला डोक्याशी उभं राहणाऱ्यानं हेच ओरडायचं, अशी इथली रीत आहे. मग बार वर जायचा आणि बापलेक खूश होऊन जेवायला जायचे.

कोचनी बार बेंचच्या खांबांवरच्या आकड्यांवरून काढून दिला आणि आपले हात लांब घेतले. बार खाली आला, छातीला टेकला, वर निघाला. अर्ध्यावर थांबला.

ही जागा वेस्लीच्या ओळखीची होती. रोज इथंच अडायचं, आणि मग दंडात कुठून तरी थोडं जास्तीचं बळ यायचं. तो त्या बळाची वाट बघत राहिला. दंड थरथरायला लागले तरी ते आलं नाही.

पोरं आरडाओरडा करत होती. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "सगळं तूच!"

वेस्लीनं डोळे वर फिरवले. कोचच्या कमरेपलीकडे त्याला बाप दिसला, उलटा. कॉफी बुटांवर सांडली होती. मर्लनं दोन्ही हात पोटापुढे धरले होते, आणि दोन्ही हातांचं एकेक बोट आकड्यासारखं वळवून तो हवेतल्या हवेत काहीतरी हळूच वर उचलत होता. आपण काय करतोय याचं त्याला भानही नव्हतं.

वेस्लीच्या हातातलं उरलंसुरलं बळ तिथंच गेलं. बार खाली कोसळायच्या आत कोचनी झडप घातली.

"बाद," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "ऊठ बाळा. पाणी पी."

एफ्रेननं मान वर केली नाही.

ट्रकमध्ये बसल्यावर मर्ल म्हणाला, "कोचनी घाई केली. अजून एक श्वास थांबले असते ना, तर..."

"बाबा, गॅरेजात बारखाली तुमची किती बोटं होती?"

मर्लनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"दोन," तो म्हणाला. "तू किती खूश व्हायचास रे."

बापाचा राग यावा असं वेस्लीला फार वाटत होतं, आणि नुसतंच रडू येत होतं.

मर्ल खाली उतरला. सीटमागचं फडकं घेऊन काच पुसायला लागला. पॉलिश उन्हानं कडक वाळलं होतं. चोपन्न काही निघेना, नुसतं फरफटून पसरलं. शेडमधून बाकीचे बाप बाहेर पडत होते आणि दुसरीकडे बघत आपापल्या गाड्यांकडे जात होते.

वेस्ली मागे आला. त्यानं बापाच्या हातातलं फडकं काढून घेतलं, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि चोपन्नातल्या पाचावर जोर देऊन घासायला लागला. मर्ल बाहीनं दुसरं टोक पुसायला पुढे झाला.

"बाबा," वेस्ली म्हणाला, "तुम्ही हात लावू नका."