एकतीस तारखेची सासू

"आज आई आमच्याकडे," धाकटी सून उंबऱ्यात पाय रोवून म्हणाली.

"कुठेही जायच्या नाहीत," थोरलीने आतून सांगितलं आणि सासूच्या कपड्यांच्या पिशवीवर हात ठेवला.

तारीख होती एकतीस. या घरात एकतीस तारीख कुणाचीच नव्हती. म्हातारीची वाटणी दोन मुलांत पंधरा-पंधरा दिवसांची झाली होती. पहिला पंधरवडा रंगकाम करणाऱ्या धाकट्याचा, दुसरा हमाली करणाऱ्या थोरल्याचा. एखाद्या महिन्याला एकतीस दिवसांची हौस आली, की त्या दिवशी दोन्ही घरांत म्हातारीच्या नावाचं काही शिजत नसे. मुलं वाईट नव्हती. पण एका खोलीत पाच तोंडं आणि हातावरचं पोट, तिथे माया असली तरी ती ताटात वाढता येत नाही.

सासू त्या दिवशी सकाळीच बाहेर पडायची. "जुन्या मैत्रिणींना भेटून येते," म्हणायची. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिने उभा जन्म चादरी पिळल्या होत्या. एकतीस तारखेला ती तिथल्याच मागच्या दाराशी बसून असते, हे थोरलीला ठाऊक होतं. जेवलात का, असं मात्र तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

आणि आज त्याच दिवसासाठी दोघी जावा हमरीतुमरीवर आल्या होत्या.

सासूची पेन्शन सुरू झाली होती, एवढंच कारण. धुलाईघरात ज्याचं त्याने ठरवायचं असे: पगारातून थोडे पैसे पेन्शनसाठी कापू द्यायचे, की सगळा पगार घरी न्यायचा. बहुतेक बायकांनी सगळा पगार घरी नेला. हिने कापू दिले, आणि मालकाला त्यात आपली भर घालावी लागली. नवरा तेव्हा चिडवायचा, "आज उपाशी राहून ही म्हातारपणी जेवणार आहे." नवरा गेला, म्हातारपण आलं आणि मागोमाग पेन्शनही आली.

आता ती ज्या घरी असेल त्या घरचा किराणा भरायची. थोरलीच्या घरात तेल चमच्याने मोजणं थांबलं होतं. दुकान टाळायला मागच्या गल्लीने जाणंही थांबलं होतं. तिची मुलगी शाळा सोडून तिच्याशेजारी शर्टांना बटणं लावायला बसणार होती, ती अजून शाळेतच होती. खानावळीत भांडी घासणाऱ्या धाकटीचं गळकं छप्पर दुरुस्त झालं होतं. असतील शितं तर जमतील भुतं, त्यात नवल ते काय?

"उद्यापासून आमचाच पंधरवडा," धाकटी म्हणाली. "एक दिवस आधी आल्या तर काय बिघडलं?"

"मागच्या एकतीसला कुठे होतीस गं?"

"तुम्ही कुठे होता, ताई?"

थोरलीला लाज वाटली, पण पिशवीवरचा हात काही निघाला नाही.

सासू कोपऱ्यात चहा पीत हे भांडण मन लावून ऐकत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता, उलट गंमतच वाटत असावी. चहा संपला तशी ती उठली, थोरलीच्या हाताखालून तिने आपली पिशवी काढून घेतली आणि चपला घातल्या.

थोरलीला वाटलं, म्हातारीने वेगळी खोली बघितली असणार. हातात पैसा असताना सुनांचे टोमणे कोण ऐकून घेईल? मुलीचं दप्तर तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने धाकटीकडे पाहिलं, तर तिचंही तोंड उतरलेलं.

"आई, जाऊ नका," थोरली म्हणाली. "चुकलं आमचं."

"अगं, मी कुठे जाणार? उद्या धाकटीकडे, सोळा तारखेला परत तुझ्याकडे. पण आज मी कुणाच्याच वाट्याची नाही ना? मग आज तुम्ही दोघी माझ्या वाट्याला. चला, चपला घाला."

"कुठे जायचं?"

"पेन्शनच्या कचेरीत. तुमची नावं घालायचीत. घरी बटणं लावणारीला चालतं, खानावळीत भांडी घासणारीलाही चालतं, मी विचारून आलेय. दर महिन्याला थोडं थोडं भरायचं. तुम्हाला जमेपर्यंत मी भरते."

धाकटीला हसू आलं. "आमच्या म्हातारपणाची काळजी कशाला करता, आई? आम्हाला मुलगे आहेत की."

सासूने पिशवी काखेत मारली.

"मलाही दोन आहेत," ती म्हणाली.