काकडं राहिली

पहिल्याच घासाला नवऱ्याने ताट बाजूला सारलं, तेव्हा कुंदाला काकडं आठवली. काकडाच्या झाडाची आंबट फळं ठेचून घातली नाहीत, तर शेवळाच्या भाजीने घसा खाजतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? सकाळी सासूबाईंचं अंग पुसून, चादरी धुऊन ती घरामागच्या टेकडीवर गेली होती. वाकून वाकून ओटीभर शेवळं खुडली. काकडाचं झाड परतीच्या वाटेवरच होतं. पाय ओढत ती तशीच त्याच्याखालून घरी आली.

"घशात काटे टोचतायत," म्हणत नवरा गूळ शोधायला उठला.

भाजी उकिरड्यावर ओतायला निघताना तिला एकदम आठवलं, सासूबाईंना आधीच वाढलंय. ती खोलीत धावली. एरवी सुनेच्या हातच्या प्रत्येक भाजीला नाक मुरडणारी म्हातारी खाटेवर बसून निमूट जेवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, ठेवा ते. खाजत असेल."

"खाजतंय की," सासूबाई खाकरत म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षी माझीही काकडं राहिली होती. सासूनं अख्खं पातेलं मला एकटीला संपवायला लावलं."

त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "कोकमाचं पाणी आण आणि बस इथं. आपण दोघी आहोत."

कुंदा आधी बसलीच. कित्येक दिवसांत तिला 'बस' असं कुणी म्हटलं नव्हतं.