चंपीचं अजीर्ण

सासूबाई गेल्या आणि धायरीच्या घरात दिवसभर उरले ते नाना आणि सासूबाईंची लाडकी कोंबडी चंपी. सून अक्षता सकाळी नानांचं ताट झाकून ठेवायची आणि हिंजवडीची बस पकडायची. संध्याकाळी ताट अगदी चाटूनपुसून लख्ख! सासरे पोटभर जेवतात, याचंच तिला समाधान.

चंपी मात्र मलूल झाली. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली, चोचीला आंबूस वास यायला लागला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अक्षताने दाणे बंद केले, थोडं तेल पाजलं. रोज सकाळी ती पिशवी चाचपून बघायची, हलक्या हाताने चोळायची. पण पिशवी काही उतरेना.

शेवटी डॉक्टरांनी ती रिकामी केली, तर आंबलेला वरणभात बाहेर आला.

"अहो, कोंबडी पाळलीय की जावई?" डॉक्टर करवादले.

नानांनी मान खाली घातली. "इंदू होती तेव्हा जेवायला बसली की पहिला घास हिला द्यायची. मीही तसाच देतो. पण पुढचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही. मग सगळं हीच संपवते."



रोज चंपीची पिशवी चाचपणाऱ्या अक्षताने नानांचा दंड आज पहिल्यांदा धरला. हाताला नुसतं हाड लागलं.