मुकी भिंत

उल्हासनगर कॅम्प तीनमधून आणलेलं यंत्र. सासऱ्यांचा फोटो. चार इंची खिळा. स्टूल धरून उभी बायको, मालिनी.

सासरे संध्याकाळी पहिल्यांदाच आमच्या नव्या ब्लॉकमध्ये येणार होते. भिंतीतल्या वायरमध्ये करंट असला की यंत्र ओरडतं. मी ते भिंतभर फिरवलं. हूं की चूं नाही.

"अहो, वायरमनला बोलवा ना!"

"मालिनी, मी फॅक्टरीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे!" म्हणत मी खिळा ठोकला.

सासरे आले. मी ऐटीत ट्यूबलाइटचं बटण दाबलं. फट्! घरभर अंधार. खिळा बरोबर वायरीत बसला होता. मालिनीने फोटोखालीच मेणबत्ती लावली.

सासरे म्हणाले, "जावईबापू, आता हार तेवढा राहिला."



यंत्र फिरवलं ती शुक्रवारची दुपार होती. शुक्रवारी आमच्याकडे संध्याकाळपर्यंत वीज नसायची.