हिरव्या गाडीचं गिऱ्हाईक

गेटपासून पन्नास पावलांवर हिरव्या गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. बेथनने ते अंगणातूनच ऐकलं. थोड्या वेळाने तिचे वडील ग्लिन आणि हेरफर्डहून गाडी विकत घ्यायला आलेला मिस्टर पॅजेट, असे दोघं ती बुटकी, दोन सीटांची गाडी ढकलत आत आले.

"हे असं," ग्लिन धापा टाकत म्हणाला. "सात-आठ मैल लोण्यासारखी पळते आणि मग मान टाकते. वीस मिनिटं उभी ठेवा, पुन्हा शहाण्यासारखी सुरू. जाहिरातीतच लिहिलं होतं मी, लपवलं नाही."

"काय काय बदललंत?"

"काय नाही बदललं ते विचारा! प्लग, पॉइंट, कॉइल, पेट्रोलचा पंप. कार्ब्युरेटर तर तीनदा खोलला. जानेवारीपासून हेच चाललंय. आता हरलो."

बेथन पायरीवर बसून ऐकत होती. मागच्याच महिन्यात तिला सतरा वर्षं पूर्ण झाली होती आणि शिकाऊ लायसन्सही आलं होतं. सतराची झालीस की हिच्यावरच शिकवीन, असं ग्लिनने ती एवढीशी असल्यापासून कबूल केलं होतं. पण नाइटनच्या चढावर, मागून लाकडाचे ट्रक येत असताना बंद पडणाऱ्या गाडीत पोरीला बसवणार नाही, हेही त्यानेच ठरवलं. तिने भांडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. जाहिरात गेली ती गेलीच.

पॅजेट गाडीभोवती फिरत होता. दाराखालच्या पत्र्यावर त्याने नखाने टकटक केलं. "हा सडलाय." वरचा कापडी टप चाचपला. "हा उसवलाय." मग वाकून गाडीखाली पाहिलं. "आणि इंजिन तेल गाळतंय."

"ब्रिटिश गाडी आहे," ग्लिन म्हणाला. "गळायचं थांबलं की समजायचं, तेल संपलं."

पॅजेट हसला नाही. ग्लिन काळे झालेले हात धुवायला नळाकडे गेला आणि त्याने पाणी सोडलं.

"पेट्रोल तरी आहे ना टाकीत?" असं पुटपुटत पॅजेटने मागचं चकचकीत झाकण फिरवलं.

स्स्स्स्स.

चांगला लांब आवाज होता. पॅजेट तसाच उभा राहिला. त्याने नळाकडे एकदा पाहिलं. मग दुसऱ्याच्या घरातला बिस्किटांचा डबा लावतात तसं, अगदी अलगद, त्याने झाकण लावून टाकलं.

ग्लिन हात पुसत परत आला तेव्हा पॅजेटचा सूरच बदललेला होता.

"वायरिंग असणार. या वयाच्या गाड्यांचं वायरिंग म्हणजे देवालाच ठाऊक. पण एवढा लांब आलोय, तर नेतो. आजच नेतो, ट्रेलर आणलाच आहे. किंमत तेवढी जरा खाली घ्या."

बेथन उठली. सरळ गाडीच्या मागे गेली आणि तिने झाकण उघडलं. या वेळी काहीच वाजलं नाही.

"मघाशी हे वाजलं होतं. स्स्स् असं."

"वाफ, पोरी," पॅजेट म्हणाला. "पेट्रोल गरम झालं की होते. सगळ्याच गाड्यांना होते."

"मग तुम्ही गप्प का झालात? तोवर तर गाडीच्या सात पिढ्या उद्धरत होतात!"

"बेथन! तोंड सांभाळ," ग्लिन म्हणाला.

"थांब ना डॅड, एकच विचारते. रविवारी पीचच्या फोडींवर घालायचा घट्ट दुधाचा बंद डबा असतो ना, त्याला तू स्क्रू-ड्रायव्हरने दोन भोकं का पाडतोस?"

"हे काय मध्येच? एकातून दूध बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर थोडं पडतं आणि मग..."

ग्लिन थांबला.

"मग बंद पडतं," बेथन म्हणाली. "सात मैलांवर."

पॅजेटने घड्याळात पाहिलं. "हे बघा, मला चारच्या आत परत पोचायचंय."

बेथनने झाकण वडिलांसमोर धरलं. चेहरा लाल झाला होता, पण तिने डोळे खाली घातले नाहीत.

"हे मी दिलं होतं तुला. ख्रिसमसला. जुनं फार कळकट दिसायचं म्हणून. त्या जुन्याला मधोमध एक बारीक भोक होतं, मला वाटलं गंजून पडलंय." तिने चकचकीत झाकणावरून बोट फिरवलं. "तू सगळं बदललंस, डॅड. हे सोडून."

"तू दिलेलं होतं ना," ग्लिन हळूच म्हणाला. "त्याच्यावर कसा संशय घेणार?"

"पोरांचं काय ऐकता!" पॅजेटने हात पुढे केला. "काय मग, ठरलं ना आपलं?"

ग्लिनने झाकण घेतलं. आतली बाजू उजेडाकडे धरून पाहिली, बाहीला पुसली, मग ओठांना लावली आणि फुंकर मारली. त्याचे गाल फुगले. कान लाल झाले. डोळ्यांत पाणी आलं. हवा कुठूनच जाईना.

पॅजेटचा हात अजून पुढेच होता. ग्लिन पुन्हा फुंकत होता, आधीपेक्षा जोरात, जत्रेतून न वाजणारी पिपाणी आणलेल्या पोरासारखा.