मिठाईचा खोका
घरातली कुठलीही वस्तू एकदाच वापरून फेकणं पेणच्या इंदुताईंना चोरीइतकं वाईट वाटे. लेकीसाठी पनवेलचं स्थळ आलं. मुलगा टेलिफोन खात्यात. यजमानांसोबत मुलाचं घर बघायला जाताना त्यांनी माळ्यावरचा मिठाईचा खोका पुसला, त्यात घरचे बेसनलाडू भरले आणि जुनाच दोरा बांधला. "कशाला एवढा खर्च, विहीणबाई?" मुलाची आई म्हणाली. "खर्च कसला! स्टँडवर उतरलो, हे दुकान दिसलं, ताजेच घेतले." इंदुताईंनी खोक्यावरचं नाव दाखवलं. मुलाचे वडील त्या नावावरून बोट फिरवत राहिले. "दुकान माझंच होतं. बंद होऊन तीन वर्षं झाली." इंदुताईंचे यजमान पंख्याकडे बघू लागले. इंदुताईंना लादीखाली शिरावंसं वाटलं. जमत आलेलं लग्न आपण खोक्यापायी घालवलं! मुलाच्या वडिलांनी लाडू ताटात काढले, खोका रुमालाने पुसला. "ताई, आमच्याकडे असा एकही उरला नाही. हा ठेवून घेऊ?"